काकूंचा गिअर

त्या पिकअपचं घरातलं नाव थोरली. ती काकूंच्या आधी घरात आली होती, आणि नवऱ्याचा अर्धा जीव हिच्यात अडकलाय हे काकूंना लग्नानंतर लगेच कळून चुकलं होतं. पण सवतीशी भांडून आजवर कुणाचं भलं झालंय? काकूंनी शहाणपणानं जुळवून घेतलं. पुढे दोघांनी रोपवाटिका काढली, थोरली कुंड्या आणि मातीची पोती वाहू लागली, आणि काकू काकांना खेटून, सीटच्या बरोबर मधोमध बसू लागल्या. खिडकीची जागा नाजूक रोपांची. ती मागे ठेवली तर वाऱ्यानं मोडायची.

आता एक गुपित सांगायला हवं, पण ते त्यांच्या लेकीच्या कानावर जाता कामा नये. काकांचा गिअरकडचा खांदा मागेच कधीतरी आखडला होता. स्टिअरिंग धरण्यापुरता हात चालायचा, पण दांडा ओढायचा म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. लेकीला हे कळलं असतं तर तिनं थोरली विकली असती, रोपवाटिकेला कुलूप लावलं असतं आणि दोघांना आपल्या घरी नेऊन सोफ्यावर मांडून ठेवलं असतं. तेव्हा दोघांनी गुपचूप कामाची वाटणी केली. क्लच काकांचा, गिअर काकूंचा. काका एकदा खोकले की वरचा गिअर, घसा खाकरला की खालचा. एका थंडीत काकांना खरोखरचा खोकला झाला, आणि थोरली बाजारपेठेतून अशी काही उड्या मारत गेली की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर आले.

त्यानंतर काकूंनी खोकल्यावरचा भरवसा सोडला. इंजिनचा आवाज ऐकायचा, काकांचा पाय क्लचवर गेला की हात पुढे करायचा, बस्स. त्यांच्याकडे लायसन्स नव्हतं, स्टिअरिंगला त्यांनी कधी हात लावला नव्हता. पण गिअर टाकावा तर काकूंनी! लोण्यात सुरी जावी तसा जायचा. दिवसभरात त्या शंभर कामं करत, पण खरा आनंद त्यांना या एकाच कामात व्हायचा, आणि हे त्यांनी कुणालाही, अगदी काकांनाही, सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस थोरलीच्या इंजिननं मान टाकली. जुन्याचे पार्ट कुठे मिळेनात. जावयाचं स्वतःचं गॅरेज होतं. माणूस सोन्यासारखा, फक्त उत्साह जरा उतू जाणारा. दाराचा एक स्क्रू सैल झालाय म्हणून सांगावं, तर हा अख्खं दार बदलून देणार. त्यानं भंगारात निघालेल्या एका व्हॅनचं धडधाकट डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट शोधून आणलं आणि म्हणाला, "आता बघाच तुम्ही."

काका-काकू बघायला गेले तेव्हा थोरलीचं बॉनेट भिंतीला टेकवलेलं होतं आणि नवं इंजिन साखळीला लटकत होतं. त्याला इथलं काही म्हणजे काही रुचत नव्हतं. इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनचे बोल्ट भोकांपाशी येत नव्हते, खालचं ऑइलचं चेंबर चेसिसच्या आडव्या पट्टीवर टेकत होतं, आणि पंखा रेडिएटरला जवळजवळ चाटत होता. जावई मात्र खुशीत होता. पट्टी कापून खाली घेतली होती, रेडिएटर पुढे सरकवला होता, फाउंडेशनसाठी नवे ब्रॅकेट वेल्डिंग करून तयार होते.

"आता राहिला फक्त गिअरचा दांडा," तो म्हणाला. "या बॉक्सला तो वरून बसत नाही, आई. बाजूनं सळ्या जोडायच्या आणि दांडा कुठे घ्यायचा ते आपण ठरवायचं."

दांडा गेला की आपण गेलो, एवढंच काकूंना सुचलं. त्या पदर खोचून थेट गाडीत चढल्या. सीट काढून ठेवलेलं होतं, म्हणून ऑइलचा रिकामा डबा पालथा घालून नेमक्या आपल्या जागी बसल्या.

"आणा बरं तो दांडा इथे," त्यांनी हुकूम सोडला. "अजून अलीकडे. आणखी दोन बोटं."

जावयानं दांडा धरला. "आई, इथे तुमचा गुडघा येईल."

"माझ्या गुडघ्याचं मी बघते."

"पण बाबांचा हात पुरायला नको का?"

"त्यांचा हात कशाला पुरायला हवा?" काकू बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

तिकडे स्टुलावर बसलेले काका घाबरून खोकले. झालं! काकूंचा हात सवयीनं पुढे गेला, आणि जावयाच्या मुठीतला दांडा त्यांनी खटकन वरच्या गिअरला नेऊन सोडला.

जावयानं सासूकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, मग काकांच्या त्या अवघडलेल्या खांद्याकडे पाहिलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"झाली काही वर्षं," काका पुटपुटले. "जावईबापू, तेवढं आमच्या लेकीला सांगू नका."

"नाही सांगणार. शप्पथ," जावई म्हणाला. मग त्याचे डोळे चमकले. उत्साह उतू जायची वेळ झाली होती. "अहो पण मग सोपंच आहे की! दांडा दरवाज्याच्या बाजूला नेतो. बाबांचा चांगला हात तिकडेच आहे. एकटे आरामात चालवतील. आईंना उगीच कशाला त्रास?"

"मला कुठे त्रास..." काकूंनी सुरुवात केली, पण तोवर त्यानं ग्राइंडर चालू केला होता आणि त्या आवाजात सासूबाईंचं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

गाडी तयार झाली. सेल्फ मारताच इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. काकांनी चांगल्या हातानं पहिला टाकला, दुसरा टाकला, चौकाला वळसा घालून परत आले आणि लहान मुलासारखे हसले. जावई टाळ्या पिटत होता. "छान झालं हो," काकू म्हणाल्या. ते निम्मं खरं होतं. काकांचा त्रास वाचला याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. उरलेलं निम्मं त्यांनी गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून कुंड्या पोचवायचं काम पुन्हा सुरू झालं. काकू मधोमध बसल्या, हात मांडीवर. आजवर त्यांचं सगळं ध्यान इंजिनच्या आवाजाकडे असायचं, समोरचा रस्ता त्यांनी कधी नीट पाहिलाच नव्हता. आता पाहिला, आणि नवरा गाडी कशी चालवतो तेही पाहिलं.

"अहो, कुत्रं."

"दिसलं."

"अहो, ती बाई वळतेय."

"बघितलं."

"बघितलं तर इतक्या जवळून का घेतली? आणि हा ट्रक पुढे जाऊ द्या ना. तुम्हाला कसली घाई? अहो, खड्डा!"

थोरली खड्ड्यातून गेली. काकांनी ओठ घट्ट मिटून घेतले. काकूंनी मिटले नाहीत. हात रिकामे राहिले की माणसाचं तोंड चालतं, त्याला काकू तरी काय करणार?

परत येताना चढ लागला. समोर धूळ उडाली आणि काका खोकले. काकूंचा हात झटकन पुढे गेला. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी तो हात तसाच खिडकीकडच्या रोपांकडे नेला आणि एक कुंडी उगीचच सरळ केली. तेवढ्यात काकांनी पलीकडच्या पलीकडे गिअर बदललासुद्धा. आपण इथे उतरून गेलो तरी थोरली घरी पोचेल, हे काकूंना त्या चढावर कळलं. त्यांना रडू आलं, आणि लोखंडाच्या एका दांड्यासाठी आपण रडतोय याचा रागही आला. त्या एकदम गप्प झाल्या.

काकांना ते तोंड चालणं सोसत नव्हतं, पण हे गप्प राहणं त्याहून सोसेना. त्यांनी गाडी घराकडे न वळवता गॅरेजकडे घातली.

"जावईबापू," ते खाली उतरता उतरता म्हणाले, "दांडा मध्ये घ्या."

जावयाच्या हातातला पाना तसाच राहिला. "का हो बाबा? चांगला हातही दुखायला लागला?"

"हात ठणठणीत आहे. कान दुखतात."

जावयानं गाडीतल्या सासूबाईंकडे पाहिलं. त्या डोळे पुसत होत्या, आणि रोपांची पानं पुसत असल्याचं दाखवत होत्या. तो उत्साही होता, पण मठ्ठ नव्हता. एवढा सुबक बसवलेला दांडा काढायचा म्हणून त्याचा जीव तुटला, तरी त्यानं सळ्या सोडवल्या आणि पलीकडचं भोक पत्रा लावून बुजवलं. मग दांडा तापवून मधल्या जागेकडे चांगला वाकवला. काकूंना बसवून, हात पुढे करायला लावून, त्यांच्या तळव्याखाली आल्यावरच पक्का केला.

"एक अट आहे," तो म्हणाला. "बाबांनी खांदा डॉक्टरला दाखवायचा. नाहीतर शप्पथ मोडेन."

काकांनी मुकाट्यानं मान हलवली.

दोघं निघाले. काकूंनी दांड्यावर हात ठेवला. तो अजून कोमट होता. मनातली शंका काही केल्या जाईना, म्हणून त्यांनी विचारूनच टाकलं.

"अहो, आणि डॉक्टरनी खांदा बरा केला तर?"

"केला तर केला," काका समोर बघत म्हणाले. "तुला कोण सांगणार आहे?"

आणि ते खोकले. काकूंनी गिअर टाकला. जरा किर्र वाजला, कारण या इंजिनचा आवाज अजून त्यांच्या ओळखीचा व्हायचा होता.