राहीचे रक्त मोजणारी नळी

मी एक जुनी काचेची नळी आहे. बोटाहून बारीक आणि हातभराहून थोडी आखूड. माझ्या अंगावर शून्यापासून दोनशेपर्यंत रेघा आहेत. रत्नागिरीतल्या एका लहान प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले. मित्रांनो, माझे काम सोपे आहे. रक्त भरून मला सरळ उभे करतात. तासाभरात लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी राहते. ते पाणी जितक्या रेघा भरते, तो आकडा. निरोगी बाईचा तो बहुधा वीसच्या आत असतो.

मला हाताळायचे हरिहर. नळी जरा कलली तरी आकडा खोटा वाढतो. म्हणून ते स्टँडखाली कागदाची घडी सारून मला सरळ करत. माझ्या आकड्यावर लोकांचा विश्वास होता आणि मला त्याचा अभिमान होता.

१९८४च्या जानेवारीत पावसकडून राही आली. कॅन्सरमुळे मुंबईत तिचे एक मूत्रपिंड काढले होते. दर महिन्याला रक्त तपासायचे होते. आकडा शंभरावर राहिला तर असे बहुतेक रोगी वर्षही काढत नाहीत, असे डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, महिपतला, बाजूला घेऊन सांगितले होते.

पहिल्याच वेळी मी एकशे बारा दाखवले.

पुढच्या महिन्यात दोघे माझ्यासमोरच्या बाकावर तासभर बसले. घरामागे जांभा खडक फोडून विहीर काढायचे काम राहीने सुरू करवले होते. दहा हात खणून झाले होते.

"विहिरीवरची माणसं परत का पाठवलीत ओ?" तिने विचारले.

"नळीने डावा कौल दिला गो," महिपत म्हणाला.

त्यांच्या गावी देवाला पाकळ्या लावून कौल मागतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. महिपतने माझा आकडाही तसाच घेतला होता.

"तुम्ही विचारलंत तरी काय?"

"तू जगशील काय ते."

"डावी पडली की गुरव प्रश्न बदलून परत विचारतो. तेवढं पण सुचलं नाय? मी गेल्यावर तुम्हाला तहान लागणार नाय काय?"

महिपत माझ्या रेघा मोजू लागला.

"वहिनी, अजून वीस मिनिटं आहेत," हरिहर म्हणाले.

"असूंदेत भाऊ. ह्यांचं उत्तर पण यायचंय."

त्या दिवशी आकडा एकशे अठरा आला. महिपतने तो कागद न वाचताच खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी माणसे परत बोलावली. हे पुढच्या खेपेला राहीनेच हरिहरना ऐटीत सांगितले.

मे महिन्यात वीस हातांवर पाणी लागले. राही बाटली भरून घेऊन आली. "तांबडं आहे, पण गोड आहे," म्हणाली.

माझा आकडा मात्र कधीच शंभराखाली आला नाही. मी खोटे बोलले नाही. पण मला न विचारलेले माझ्या तोंडी घातले, ते मला मान्य नाही. अशा शंभर रोग्यांपैकी बहुतेकांचे काय होते, त्याचा अंदाज डॉक्टर माझ्यावरून बांधतात. त्यातली एक बाई उद्या सकाळी उठून काय करील, हे माझ्या कोणत्याही रेघेवर लिहिलेले नाही.

पंचाऐंशीच्या दिवाळीनंतर ती आली नाही. महिपत एकटाच आला. तिचा शेवटचा कागद न्यायचा राहिला होता. हरिहरनी तो पुढे केला, तर त्याने हातही लावला नाही.

"ठेवा तुमच्याकडेच. मला घाई आहे. विहिरीजवळ तिने वांगी लावलीत, त्यांना पाणी घालायचंय."

आता माझे टोक फुटले आहे आणि मी एका पत्र्याच्या डब्यात पडून आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या नळ्या नीट धुवा, सरळ उभ्या करा आणि आकडा खरा वाचा. पण त्या आकड्याच्या नावाने कोणी तुमचे काम बंद करायला आला, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी तसे कधीही म्हटले नव्हते.