खाली आहे ती

मंजिरीचा पाय प्लास्टरमध्ये आणि जीव इंदूरजवळच्या राऊ गावातल्या दवाखान्यात. मल्हारगंजातल्या घरी पलंगावर बसून तिनं फोन कानाला असा दाबला होता की कान लाल झाला.

फोनवर शिवांगी होती. सांगलीहून लग्न होऊन इंदूरला आलेली, मंजिरीच्या हाताखाली कामाला लागून जेमतेम तीन आठवडे झालेली. तिच्यासमोर दवाखान्याचा सर्व्हर, आणि भिंतीपलीकडे नवजात बाळांचा कक्ष. अकरा बाळं, दोन नर्स. अकरा काळजांचे ठोके एकाच पडद्यावर उमटत. एखादा चुकला तर पडदाच हाक मारी. सर्व्हर थांबला तर पडदा मुका, आणि त्याला परत उठायला वीस मिनिटं.

म्हणून तर सर्व्हरच्या पेटीत एकावर एक अशी दोन यंत्रं होती. तेच काम, त्याच क्षणी, दोन्ही करत. इंजिनिअर याला लॉकस्टेप म्हणतात. मंजिरीनं पहिल्याच दिवशी शिवांगीला आपल्या आईची ओवी ऐकवली होती:

खुंट्याला दोन हात, एकीचा दम जाई
दळण थांबेना बाई, दुसरी ओवी गाई

आज सकाळी वरचीचा दम गेला होता. सर्व्हरनं तिच्याकडचं काम काढून घेतलं होतं. आता तिला बाहेर ओढायची आणि तिच्या जागी नवी सरकवायची, बस. तोवर सगळं दळण एकट्या दुसरीवर.

"ताई, पेटी उघडली. घाम फुटलाय हो."

"जिरावन मसाला जास्त पडला असेल पोह्यांवर. आराम से कर, काही नाही होत."

"मग तुम्ही म्हणालात तशी, खाली आहे तीच काढायची ना?"

"हो गं, बिलकुल. खाली आहे तीच."

स्क्रू फिरल्याचा बारीक आवाज आला. एक. मग दुसरा. भिंतीपलीकडून एक बाळ रडलं आणि थांबलं. ते थांबलेलंच मंजिरीला जास्त लागलं.

"निघाले स्क्रू. खटका उचलते." मग शिवांगी म्हणाली, "ताई, वरचीवर मात्र लाल दिवा आहे. तिचं नंतर बघायचं का?"

मंजिरीला आत्ता कळलं. खाली! चार पिढ्या इंदुरात गेलेल्या तिच्या जिभेला खाली म्हणजे रिकामी, काम काढून घेतलेली. सांगलीच्या लेकीला खाली म्हणजे खालची.

"थांब! हात हलवू नको. खटका कुठे आहे?"

"अर्धा वर." शिवांगीचा आवाज चिरकला. "हिरवा दिवा लुकलुकतोय, ताई. काय केलं मी?"

"तू नाही, मी केलं. पडदा ऐकू येतो?"

"येतोय... टुक टुक."

"मग ती अजून दळते आहे. खटका दाब. झोपलेल्या पोरावर पांघरूण घालतात ना, तसा."

मंजिरीनं डोळे मिटले. गल्लीत कुणी भय्या, इंदुरी बोलीत भिया, कुणाला शिव्या घालत होता, तोही आवाज दूर गेला. मग फोनमध्ये बारीकसं खट् झालं.

"हिरवा. ठाम हिरवा."

"देवा रे." मंजिरीनं तळवा साडीला पुसला. "आता तो शब्दच नको आपल्याला. वरची थोरली जाऊ, दुसरी धाकटी. दमली कोण?"

"थोरली. लाल दिव्याची, माझ्या कपाळासमोरची."

"धाकटीचे स्क्रू आधी लाव. मग थोरलीला काढ."

स्क्रू पुन्हा फिरले, मग आणखी फिरले. धातूवर धातू घसरला. मंजिरी श्वास रोखून टुक टुक मोजत होती. सोळाव्यावर शिवांगी बोलली.

"ताई, जागा खाली झाली."

मंजिरी प्लास्टरसकट उठायला गेली. "कुठली खाली?"

"तुमची खाली," शिवांगी म्हणाली, रडता रडता हसत, "आमची वरची."

"मेली!" मंजिरी मागे टेकली. "नवी सरकव आता. दोघींचा सूर जुळेपर्यंत फोन ठेवायचा नाही."

सूर जुळायला सात मिनिटं लागली. तोवर धाकटी एकटी ओढत होती, आणि भिंतीपलीकडे अकरा ठोके पडत होते.