काचेवरचं कुंकू

"आधी बोट फिरव, मग डोळ्यानं बघ. डोळा फसतो, बोट न्हाई फसत."

सतरा वर्षांपूर्वी काम शिकवताना जुन्या कामगार शालनबाईंनी कस्तुराला असं बजावलं होतं. तेव्हापासून चाकणच्या त्या कारखान्यात बेअरिंगच्या लोखंडी कड्या तपासताना तिचं बोट चुकलं नव्हतं. आता बोटाच्या जागी कॅमेरा आला होता. पट्ट्यावरून कडी सरकायची, कॅमेरा बघायचा, खराब असली की आपोआप लाल पेटीत पडायची.

त्या मशीनवर एकच बाई हवी होती. निवड झाली तनुजाची. तळेगावची पोर, आयटीआय झालेली, कामाला लागून जेमतेम दहा महिने. आठवडाभर चाचणी, मग पक्की.

कस्तुराचा नुसता जळफळाट झाला. तनुजाचा नवा निळा कोट, मशीनच्या पडद्यावर भराभर चालणारी तिची बोटं, सुपरवायझर गोरक्षचं ते "मॅडम, जरा बघता का?" सगळं तिला टोचायचं. आपल्याला सतरा वर्षांत कुणी मॅडम म्हटलं?

खंडेनवमीला मशिनांची पूजा मात्र दरवर्षीसारखी तिनंच केली. दसऱ्याची सुट्टी संपवून सगळी कामावर आली, मशीन चालू झालं आणि कडीमागून कडी लाल पेटीत पडू लागली.

"अहो मॅडम, चाललंय काय?" गोरक्ष करवादला. "जेवणाच्या सुट्टीनंतरही हेच असलं तर दुसरी बाई बसवतो."

कस्तुरानं पलीकडून वाकून पाहिलं आणि तिच्या काळजात चर्र झालं. कॅमेऱ्याच्या काचेवर हळदीकुंकवाचं बोट होतं. तिचंच. मशीनचा डोळा म्हणून तिनं मनोभावे टेकवलेलं. तनुजाच्या बाजूनं ते दिसत नव्हतं.

सांगावं, असं ओठाशी आलं. पण तनुजाचा उतरलेला चेहरा बघून आतून गोडही वाटलं. बस म्हणावं आता कोट घालून! कस्तुरानं मान फिरवली.

जेवणाच्या सुट्टीत तनुजा पाच कड्या घेऊन तिच्याकडे आली. "कस्तुराताई, जरा बोट फिरवता?"

कस्तुरानं फिरवलं. "चांगल्या हायत."

"मला वाटलंच! पण मला पडदा कळतो ताई, कडी नाही कळत. पहिल्याच दिवशी सरांना म्हटलं होतं, ताईंना माझ्यासोबत बसवा. ते म्हणाले, त्या कशाला शिकतील या वयात."

"मला इचारलं व्हतं का कुणी?"

"मी विचारते. शिकाल? मी पडदा शिकवते, तुम्ही मला बोट शिकवा."

निळ्या कोटाकडे कस्तुराची नजर पुन्हा गेलीच.

"निदान कड्या चांगल्या आहेत, एवढं तरी सरांना सांगाल?" तनुजानं विचारलं.

"सांगते."

तनुजा हात धुवायला गेली. कड्यांचं सांगायचं तर कुंकवाचंही सांगावं लागणार, आणि मग शिकायचं तर राहोच, आहे ती जागाही जायची. जळफळाट अजून शमला नव्हता. कस्तुरानं भरला डबा तसाच झाकला, पदर खोचला आणि कुंकवासकट सगळं सांगायला ती गोरक्षच्या केबिनकडे चालू लागली.