पूजेला बसलेली जन्मवही

मी कपाटातून बोलतेय. आवाज दबका वाटला तर तो दोष लोखंडी दाराचा. मी बेंगळूरच्या एका कचेरीतली जन्मनोंदींची वही, साल १९४१. कपाटावर पाटी आहे : ‘या नोंदी कोणासही पाहता येतील.’ पाटी दरवर्षी रंगवतात. मला मात्र कोणी उघडत नाही.

कोण कुठल्या दिवशी जन्मलं, मला तोंडपाठ. पण लोकांनी विचारायचं कारकुनाला, हयवदनरावांना. आणि ते मला न विचारताच उत्तर देतात.

१९६१ साली बसवनगुडीहून वसुमती आली, सासूला, तुंगाबाईंना घेऊन. लग्नाला चार महिने झालेले. मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती. तिला जन्मतारखेचा दाखला हवा होता.

“वसुमती? असं नाव नाही,” हयवदनराव बसल्या जागेवरून म्हणाले.

“अहो, वसुमती आम्ही ठेवलं, लग्नात तांदळात लिहून,” तुंगाबाई म्हणाल्या. “माहेरची ती अहल्या. बाप नरसिंह. स्वल्प, जराशी वही तर काढा, अण्णा!”

“किल्ली हेडक्लार्ककडे. ते रजेवर. पुढच्या आठवड्यात या.”

पुढच्या आठवड्यात किल्ली होती, तर हयवदनराव कॉफीला गेले होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात ते होते, तर शाई नव्हती. वसुमती बाकावर बसून पाटी वाचायची. मी आतून ओरडायची, एकशे बारावं पान, चौथी ओळ! वहीचं ओरडणं ऐकतो कोण?

शेवटी खंडेनवमीचा आदला दिवस उजाडला. शाळेची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. दोघी तीन वाजता आल्या, तेव्हा मी चक्क टेबलावर होते! उद्या सुट्टी, म्हणून कचेरीतली आयुधपूजा आजच उरकली होती. अंगावर झेंडू, कुंकू, वर लिंबू.

“आता नाही हं, अक्का,” हयवदनराव चुरमुरे देत म्हणाले. “पूजेला बसलेली वही विजयादशमीपर्यंत उघडायची नाही.”

“वर्षभर कुठे उघडत होता?” तुंगाबाई कडाडल्या.

वसुमती पुढे झाली. तिनं लिंबू बाजूला ठेवलं, हार उतरवला आणि मला उघडलं. वीस वर्षांत पहिल्यांदा मोकळा वारा लागला. तिचं बोट ओळीवर येऊन थांबलं. “अहल्या. नऊ मे. ही मीच. लिहून द्या.”

हयवदनरावांनी कानांना हात लावले. “दौत पूजेत, टाक पूजेत, शिक्का पूजेत. मी कशानं लिहू?”

कचेरीच्या घड्याळात पाच वाजले, तेव्हाही ती उभीच होती.

दाखला सुट्टीनंतर तयार झाला, सुरेख अक्षरात. तो न्यायला कोणी आलं नाही. कशाला येईल? आज दोन वर्षं तो माझ्याच पोटात आहे, एकशे बाराव्या पानाशी. तिथे चौथ्या ओळीवर तिच्या बोटाचं कुंकूही आहे.

यंदाची खंडेनवमी जवळ आली. बाहेर झेंडूचा वास येतोय. हयवदनराव, हार राहू द्या हो. बाकावर कोणीतरी पाटी वाचत बसलंय. किल्ली तेवढी शोधा.