चाळीस पिना आणि मागचा फेरा

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे आणि माझ्या स्क्रूत ढिलाई आहे. हे आधीच सांगून टाकतो. आत्मकथा सांगणारे सहसा कौतुक आधी सांगतात आणि दुखणी शेवटी. पण माझी सगळी कहाणीच त्या दुखण्यावर उभी आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही.

माझा जन्म पंजाबातल्या बटाल्याचा. अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, वजन दीड टन, स्वभाव थोडा तापट. ट्रकवर बसून मी आधी भोसरीला आलो आणि मग चाकणजवळ कुरुळीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये स्थिरावलो. माझं काम सोपं आहे. लोखंडाची सळई मी गरगर फिरवतो आणि माझ्या अंगावर बसवलेलं टूल तिला सोलत जातं. टूल किती आत घालायचं ते हँडल फिरवून ठरतं, आणि हँडलजवळच्या गोल डायलवर तो आकडा दिसतो. उमेदीच्या काळात मी एवढे नग काढले की मालक पाहुण्यांना आधी माझ्यासमोर उभं करायचे आणि मग चहा सांगायचे.

पुढे शेडमध्ये संगणकावर चालणारी मशिनं आली आणि मला कोपरा मिळाला. माझ्या अंगावर लोक जेवणाच्या पिशव्या अडकवू लागले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? माझ्याकडे लक्ष देणारा एकच माणूस उरला, तो म्हणजे धोंडीबा. लातूरकडचा, चोवीस वर्षं माझ्यावर काम केलेला.

आता दुखण्याचं सांगतो. वापरून वापरून माझा स्क्रू झिजला आहे. हँडल उलटं फिरवलं की डायलचा आकडा लगेच बदलतो, पण टूल मात्र जागचं हलत नाही, सकाळी हाक मारलेल्या पोरासारखं. म्हणजे खोल गेलेलं टूल मागे आणून थेट आकड्यावर थांबवलं, तर डायल म्हणतो सगळं बरोबर आणि टूल असतं थोडं जास्तच आत. नग बारीक होतो. धोंडीबाने यावर उपाय काढला होता. तो आकडा ओलांडून आणखी पाव फेरा मागे जायचा आणि मग पुढे येत आकड्यावर थांबायचा. नग तंतोतंत उतरायचा. माझी अब्रू त्या पाव फेऱ्यावर टिकून होती.

मग एका मंगळवारी, पहिल्या शिफ्टला, परग्रहावरचे पाहुणे आले.

त्यांचं यान आमच्या शेडमागच्या मोकळ्या प्लॉटवर उतरलं. तळेगाव चौकाच्या कोंडीत अडकलेल्या लोकांनी तासभर वर पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. परिसरातली संगणकावर चालणारी प्रत्येक वस्तू जळून गेली होती, आणि यानाकडे निघालेली प्रत्येक गाडी, अगदी लष्कराचीसुद्धा, मोशीच्या पुढे जागच्या जागी बंद पडत होती. पाहुणे दिसायला उभ्या केलेल्या गॅस सिलिंडरसारखे, मान नसलेले आणि तीन हातांचे. मराठी त्यांनी म्हणे सरकारी परिपत्रकांवरून शिकून घेतली होती. भोंग्यावरून त्यांनी कळवलं, "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, अठरा ते तीस वयोगटातील कुशल मनुष्यबळ सदर ग्रहावरून हलविण्यात येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी."

दोन दिवसांत दोन हजार पोरंपोरी त्यांनी एका प्रचंड पेटीत भरली. पेटी प्लॉटवर टेकवलेली होती आणि यान तिच्यावर अधांतरी उभं होतं. चाळीस पिना ठोकून पेटी यानाला अडकवायची आणि निघून जायचं, एवढंच बाकी होतं. पण उतरताना बसलेल्या धक्क्याने त्यांच्या पिना तुटल्या होत्या, आणि जवळ जादा पिना नव्हत्या. स्वतः काही बनवायचं ते केव्हाच विसरले होते. सगळी कामं बाहेर देऊन देऊन त्यांची ही गत झाली होती. संगणकाची मशिनं त्यांनीच जाळलेली. उरलो मी, पट्ट्यावर चालणारा म्हातारा. आमच्या शेडची वीज त्यांनी मुद्दाम चालू ठेवली.

धोंडीबाची लेक वर्षाली आमच्याच शेडमध्ये नग तपासायचं काम करते. वय चोवीस. तिच्याही मनगटावर पाहुण्यांनी निळा पट्टा बांधला होता. पिना तपासायला कोणी हवं म्हणून तेवढी तिला पेटीबाहेर ठेवली होती. पिना तयार झाल्या की तीही जाणार, हे धोंडीबाला माहीत होतं. पिना काढायच्या त्या सकाळी त्याने माझं हँडल तीनदा पुसलं.

पाहुणे शेडमध्ये शिरण्याआधी मालक सुरेंद्र यांनी सगळ्यांना गोळा केलं. ऑडिटच्या दिवशी सांगायचे तेच त्यांनी सांगितलं, "हे बघा, विचारलं तेवढंच सांगायचं. जादा बोलायचं नाही. आणि खोटं तर अजिबात नाही, त्यांच्याकडे ते पकडायचं यंत्र आहे."

ते यंत्र म्हणजे कांद्याएवढा एक गोळा होता. पाहुण्यांचा मुख्य, ज्याला सगळे साहेब म्हणू लागले होते, तो गोळा हातात घेऊन आत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. आणि सुरेंद्रशेठना वर्षानुवर्षांची सवय नडली. ते हसून म्हणाले, "साहेब, मशीन एकदम टकाटक. मागच्याच वर्षी ओव्हरहॉल केलंय."

गोळा कुकरसारखा किंचाळला. सुरेंद्रशेठ पुढे काही बोलायला गेले, पण तोंडातून आवाजच निघेना. पाहुण्यांनी तो काढून घेतला होता.

पहिली पिन काढायची वेळ आली. पिनेला टोकाशी खोल खाच होती आणि खाचेमागे गुळगुळीत अंग होतं. ते अंग यानाच्या भोकात घट्ट बसणार होतं. धोंडीबाने टूल आत घालून खाच पाडली. आता मागे यायचं, पाव फेरा जादा, आणि मग पुढे. पण त्या दिवशी तो पाव फेऱ्यावर थांबला नाही. त्याने हँडल दोन पूर्ण फेरे मागे फिरवलं, तेही सावकाश, मळणीच्या बैलासारखं. मध्येच थांबून हात पुसले. मग पुढे आला आणि आकड्यावर थांबला. मला वाटलं, लेकीच्या काळजीने म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही.

पिन अगदी बरोबर उतरली. साहेबाने ती त्यांच्या मोजणाऱ्या किरणाखाली धरली आणि मंजूर केली. मग तो वळला.

"सदर मागील फेऱ्यांत धातू कापला जातो काय?"

"न्हाई साहेब," धोंडीबा म्हणाला. "मागं फिरवताना कणभर बी कापला जात न्हाई."

गोळा गप्प राहिला. ते खरंच होतं.

"ज्या हालचालीत धातू कापला जात नाही ती अपव्यय होय. खाचेवरून थेट आकड्यावर यावे. सदर फेरे रद्द करण्यात येत आहेत."

"करा की रद्द. तेवढं लेखी द्या म्हंजे झालं."

साहेबाने लेखी दिलं. तेव्हा कुठे माझ्या बिडाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी आतून हादरलो. हा माणूस माझ्या ढिलाईवर डाव लावत होता: फेरे रद्द, म्हणजे पिना बारीक, म्हणजे पेटी सुटी.

पण डाव पुरा व्हायला दोन अडचणी होत्या. वर्षाली पुढची प्रत्येक पिन मोजणार होती आणि आकडा खरा सांगणार होती. आणि पहिली पिन तर घट्ट बसणारीच होती. बाकीच्या निसटल्या आणि ही एकच अडकून राहिली, तर पेटी एका कोपऱ्याने उचलली जाणार, कलंडणार, आणि आतली पोरं एकमेकांवर आदळून चिरडणार. बापलेकीला एक शब्द बोलता येत नव्हता. वर्षालीने मापक उचलला तसा साहेब म्हणाला, "तपासणीमध्ये धातू कापला जातो काय?"

वर्षालीने बापाकडे पाहिलं, मग माझ्या हँडलकडे. माझी खोड तिला लहानपणापासून ठाऊक होती.

"नाही, सर," ती म्हणाली.

"सबब तपासणी रद्द. तपासनीस पेटीत जमा करण्यात यावा."

दोन पाहुणे पुढे झाले. हे धोंडीबाच्या हिशेबात नव्हतं. वर्षालीने आवाज सांभाळत मंजूर पिनेकडे बोट दाखवलं. "सर, मंजूर झालेला पहिला नग आम्ही पाठवत नाही. टॅग लावून इथंच ठेवतो, लॉट संपेपर्यंत. आमची पद्धत आहे. ऑडिटला पहिल्यांदा हेच बघतात."

साहेबाने गोळ्याकडे पाहिलं. गोळा गप्प. नियम म्हटल्यावर साहेबाचं मन भरून आलं असावं. "स्तुत्य पद्धत. नवीन चाळीस नग करण्यात यावेत," तो म्हणाला. वर्षालीने पिनेला हिरवा टॅग बांधला, ती टेबलावर ठेवली आणि चालू लागली.

"माय," धोंडीबाने हाक मारली. "तिथं उभी राहू नकोस. खाली बस. समद्या लेकरांना बसाय सांग."

साहेब गर्रकन वळला. "खाली बसण्याचे प्रयोजन?"

धोंडीबाने हात जोडले. "बाप हाय साहेब मी. पोरगी पडंल म्हणून जीव घाबरतो."

गोळा गप्पच राहिला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग चाळीस पिनांचं काम सुरू झालं. खाच पाडायची, थेट आकड्यावर यायचं, अंग सोलायचं. डायल दर वेळी बरोबर आकडा दाखवत होता, आणि दर पिनेला मी तो आकडा खोटा पाडत होतो. मित्रांनो, एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. बारीक झाली, पण किती? पिन पुरती ढिली असेल तर पेटी जमिनीवरच राहील. अर्धवट ढिली असेल, तर पेटी चार मजले वर जाईल आणि मग सुटेल. मोजायची सोय नव्हती. धोंडीबाला आधार होता तो फक्त तळहाताचा. अधूनमधून तो हँडल हलकेच हलवून माझी ढिलाई चाचपत होता.

एकतिसाव्या पिनेला घात झाला. त्याचं लक्ष पेटीकडे गेलं आणि चोवीस वर्षांच्या सवयीने हात आपसूक पाव फेरा मागे गेला. पिन घट्ट मापाची उतरली. ती हातात घेऊन तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या अंगावर टपकला.

हालचाली मोजायला शेजारी उभा केलेला पाहुणा लगेच ओरडला. साहेब आला. "रद्द करण्यात आलेली हालचाल केल्याचे निदर्शनास आले आहे."

"चूक झाली साहेब. हाताला सवय हाय."

"आदेशाचे उल्लंघन करून बनविलेला नग बाद समजण्यात येईल. नवीन करावा."

आणि साहेबाने स्वतःच्या हाताने त्या लॉटमधली ती एकमेव चांगली पिन भंगाराच्या पेटाऱ्यात टाकली. मला हसू फुटलं असतं, पण तेव्हा मोटर बंद पडायची भीती होती.

दुपारी दोनला पिना गेल्या. ठोकाव्या लागल्याच नाहीत, बोटाने ढकलल्या तरी आत जात होत्या. एखाद्याला शंका आली असती. पाहुण्यांनी मात्र बसवणीचा वेळ निम्म्यावर आल्याची नोंद केली आणि एकमेकांचं अभिनंदन केलं.

यान उठलं तेव्हा शेडचे पत्रे थडथडले. धोंडीबाने बाहेर पाहिलं नाही. त्याने डोळे मिटले, माझ्यावर कपाळ टेकलं आणि "माय, माय," एवढंच तो पुटपुटत राहिला. मला मागच्या शटरमधून सगळं दिसत होतं. पेटी किंचित हलली. माझा जीव स्क्रूत गोळा झाला. मग एकेक पिन भोकातून सटकून दगडांवर पडू लागली, टण, टण, टण, आणि पेटी जिथे होती तिथेच बसून राहिली. हलकं झालेलं यान मात्र सुसाट वर गेलं आणि दिसेनासं झालं. ते परत आलेलं नाही. परत यायला त्यांना नव्याने मंजुरी लागत असेल, आणि रिकाम्या हातांचं कारण कोणत्या रकान्यात लिहायचं हे अजून ठरलं नसेल.

दरवाजा तोडून पोरं बाहेर आली. वर्षाली बाहेर वाट पाहणाऱ्या आईलाही न भेटता आधी शेडमध्ये आली. हातात ओंजळभर पिना होत्या. तिने मापक घेतला आणि एकेक पिन मोजून टेबलावर मांडली. मग रडत रडत म्हणाली, "पप्पा, सगळ्या रिजेक्ट आहेत."

धोंडीबा माझ्या पायाशी मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला.

आता मला रंग देऊन चौकात बसवायचं चाललं आहे. सुरेंद्रशेठचा आवाज परत आल्यापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की मशीन जुनं होतं म्हणून पोरं वाचली. मित्रांनो, ते खरं नाही. झीज भंगारातल्या प्रत्येक यंत्रात असते. माझ्यात ती किती आहे हे ज्याच्या तळहाताला ठाऊक होतं, तो माणूस अजून माझ्यापाशी उभा होता, म्हणून पोरं वाचली. मला चौक नको. माझा स्क्रू बदला, रोज चार थेंब तेल द्या आणि काम द्या. कोणाची एखादी हालचाल वायफळ वाटली, तर ती बंद करण्याआधी ती कशासाठी आहे एवढं त्याला विचारा. आणि धोंडीबाला बसायला एक स्टूल आणून द्या. चोवीस वर्षं तो उभाच आहे.