मागचं मोठं स्प्रॉकेट

ज्ञानेश्वरीच्या डोक्याला ताप होता तो वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, जुन्या मोटारसायकलचा. कारेगावच्या कंपनीत जायला तीच एक गाडी, पण पन्नासच्या पुढं काटा सरकेल तर शपथ. इंजिन नुसतं बोंबलायचं. एके दिवशी भाजीनं भरलेला टेम्पो तिला मागं टाकून गेला, तशी ती तडक शिरूरच्या गॅरेजात शिरली.

"गोकुळमामा, मोठं इंजिन टाका, न्हाईतर भंगारात घाला हिला!"

गोकुळमामांनी एक चक्कर मारली, चेनचं कव्हर काढलं आणि हसायला लागले. "इंजिन ठणठणीत हाय. दुधाचे कॅन लादून घाटाचा चढ चढायला आप्पांनी मागच्या चाकाला चेनचं हे मोठं दातेरी चक्र, स्प्रॉकेट, बसवून घेतलं व्हतं. त्यानं ओढ वाढती, पळ कमी व्हतो."

दूध तर कधीच बंद झालं होतं. म्हशी विकल्यापासून आप्पा ओसरीवर बसून असायचे, आता आपल्यात काय राम राहिला न्हाई म्हणत.

मूळ मापाचं स्प्रॉकेट बसलं आणि घरी येताना काटा सत्तरच्या पार गेला. हे ऐकून आप्पांनी चावी मागून घेतली. परतले ते वाऱ्यानं केस पिंजारून.

"पोरी, हिच्यात एवढा दम व्हता?"

"व्हताच की. कॅन उतरलेत, हे तिला कुणी सांगितलंच न्हाई."

आप्पांनी चावी आपल्याच खिशात टाकली. मग म्हणाले, "उद्या कंपनीत तुला मी सोडतो. तिथनं पुढं रोपांच्या नर्सरीत काम मिळतंय का बघायचंय मला."