बाबाने कॉम्प्युटरचं सामान हलवलं

कल्पना कर, तुझ्या घरात एक कॉम्प्युटर आहे. डोळे मिटू नकोस, मिटलेस तर पुढचं वाचणार कोण? तर हा कॉम्प्युटर वयाने तुझ्याएवढा, पण चालीने तुझ्या पणजोबांएवढा. बटण दाबलं की आधी घरघरतो, मग खोकतो, मग बराच वेळ विचार करतो. तोवर तुझे दात घासून, आंघोळ करून, शाळेचे बूट शोधून, एकच सापडला म्हणून रडूनसुद्धा झालेलं असतं.

असा कॉम्प्युटर भिंगरीच्या घरी होता. भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. पण एका जागी बसलेली ती कुणी पाहिलीच नव्हती, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. फक्त या कॉम्प्युटरसमोर ती तासन्‌तास बसायची, कारण ती सिनेमा काढत होती.

सिनेमा गोगलगायीचा होता. गोगलगाय जिना चढते, घसरते, पुन्हा चढते आणि शेवटी गच्चीवर पोचते. झाला सिनेमा. पण एवढ्यासाठी भिंगरीची अख्खी सुट्टी खर्ची पडली होती. असा सिनेमा काढायचा म्हणजे एक चित्र काढायचं, मग गोगलगाय केसभर पुढे सरकवून दुसरं काढायचं, मग तिसरं, मग मान मोडेपर्यंत पुढची. सगळी चित्रं भराभर एकामागोमाग एक दाखवली की गोगलगाय चालू लागते. येत्या शनिवारी कोपऱ्यावरच्या वाचनालयात मुलांनी काढलेले सिनेमे दाखवणार होते. भिंगरीची चित्रं तयार होती, आता ती जोडायची तेवढी राहिली होती.

आणि नेमकं तेव्हाच कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक पाटी आली. पाटी अशी की, हा कॉम्प्युटर आता जुना झाला, नव्या सिस्टिमसाठी तो पात्र नाही.

"पात्र नाही?" बाबा भडकला. "माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून माझाच कॉम्प्युटर मला नापास करतो?"

"तुला नाही रे, त्याला नापास केलंय," आई म्हणाली. "तू कशाला अंगाला लावून घेतोस?"

पण बाबाने अंगाला लावून घेतलं. त्याच्या कामावरच्या एका सोबत्याने त्याला लिनक्सबद्दल सांगितलं होतं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक वेगळी सिस्टिम. ती फुकट मिळते. जगभरची माणसं मिळून ती बनवतात आणि मग कुठल्या प्रकारचं लिनक्स चांगलं यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटतात. जुन्या कॉम्प्युटरवरही ती धावते. बाबाला आणखी काय हवं?

आता बाबाचा धंदा सांगायला हवा, कारण सगळा घोळ तिथेच झाला. बाबा लोकांची घरं हलवायचा. एका घरातलं सामान खोक्यांत भरायचं, खोक्यांवर रंगीत चिठ्ठ्या लावायच्या, ट्रकमध्ये चढवायचं, दुसऱ्या घरात उतरवायचं. कपबशी फुटली नाही पाहिजे आणि आजीबाईंच्या झोपाळ्याच्या कड्याही विसरल्या नाही पाहिजेत. त्याचा एकच नियम होता: दिसेल ते उचला.

रविवारी सकाळी बाबा बाह्या सरसावून कॉम्प्युटरसमोर बसला. "आधी जुन्या घरातलं सामान काढायचं, मग नवं घर," तो म्हणाला, आणि पडद्यावर जी जी छोटी चित्रं दिसत होती ती एकेक करून पेनड्राइव्हमध्ये ओढून टाकली. आईचे फोटो, विजेची बिलं, भिंगरीची गोगलगाय. क्षणात सगळं झालं.

"माझी चित्रं घेतलीस ना?" भिंगरीने विचारलं.

"घेतली. अख्खं घर भरून झालं आणि घामाचा थेंबसुद्धा नाही! आमच्या धंद्यात असं असतं तर मी रोज दुपारी झोपलो असतो."

"तू रोज दुपारी झोपतोसच," आई म्हणाली.

मग बाबाने सोबत्याने दिलेल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवरून लिनक्स घातलं. मध्ये कॉम्प्युटरने विचारलं की, डिस्कवरचं सगळं पुसून टाकू का? बाबा म्हणाला, "पूस बाबा, खुशाल पूस. आपलं सामान बाहेर आहे."

आणि काय सांगू! कॉम्प्युटर तरुण झाला. बटण दाबलं की जांभई पुरी व्हायच्या आत पडदा हजर. खोकला नाही, पाट्या नाहीत, 'आत्ताच मला अपडेट करा' अशी भुणभुण नाही. बाबा खुर्चीत मागे रेलून पत्त्यांचा एक डाव खेळला आणि जिंकलासुद्धा. "पात्र नाही म्हणे," तो खुशीत पुटपुटला.

मग कळलं की वायफाय चालत नाही.

बाबाने लांबलचक केबल ओढली, ती स्वयंपाकघरातून आणली आणि आई तिला अडखळून जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. इंटरनेटवर उपाय सापडला. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, मग पासवर्ड. बाबा पासवर्ड टाइप करायचा, पण पडद्यावर काही उमटायचंच नाही, साधा ठिपकाही नाही. त्याला वाटलं कीबोर्ड बिघडला. म्हणून तो आणखी जोरात बडवू लागला. शेवटी भिंगरीने इंटरनेटवरच वाचून दाखवलं, "बाबा, तिथे लिहिलंय की पासवर्ड दिसत नाही, तरी तो घेतो. नुसता लिही आणि एंटर दाब." तसं केलं आणि वायफाय आलं. प्रिंटर मात्र हटून बसला. तो प्रत्येक पानावर फक्त एक उभी रेघ काढून द्यायचा आणि बाबा म्हणायचा, "सुरुवात तर झाली!"

सोमवारी शाळेतून आल्याबरोबर भिंगरीने पेनड्राइव्ह लावला. गोगलगाय जोडायची होती. तिने गोगलगायीच्या चित्रावर क्लिक केलं. काहीच उघडलं नाही. पुन्हा केलं. मग तिच्या लक्षात आलं, त्या चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता. आईच्या फोटोंवरही होता, बिलांवरही होता.

तुला कदाचित माहीत असेल, त्या बाणाचा अर्थ काय. पडद्यावर जे दिसतं ती खरी वस्तू नसते, तर वस्तू कुठे ठेवलीय हे सांगणारी चिठ्ठी असते. खऱ्या वस्तू डिस्कच्या आत, दुसऱ्याच कप्प्यात होत्या. बाबाने खोक्यांवरच्या चिठ्ठ्या तेवढ्या सोलून आणल्या होत्या. खोकी जुन्या घरातच राहिली, आणि ते घर त्याने स्वतःच्या हाताने पाडलं होतं.

"बाबा, गोगलगाय कुठाय?"

बाबाने पाहिलं. बाण पाहिले. अख्खा ट्रक कुठेतरी विसरून आल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"आपण दुसरी काढू," तो म्हणाला. आणि हे तर त्याने मुळीच म्हणायला नको होतं.

भिंगरी रडली नाही. ती त्याला 'अहो' म्हणू लागली. जेवताना म्हणाली, "आई, त्या सामानवाल्या काकांना सांग, मीठ द्या."

आई बस चालवायची आणि अजून गणवेशातच होती. तिने मीठ पुढे सरकवलं आणि बाबाकडे बघत म्हणाली, "मी बस बदलते ना, तेव्हा आधी प्रवासी उतरवून घेते. त्यांची तिकिटं नाही."

बाबाने भाताचा मोठा घास तोंडात कोंबला.

पण भिंगरी नुसती रुसून बसणारी नव्हती. जेवण झाल्यावर आईच्या फोनवरून तिने इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्यांच्या गप्पांच्या जागेवर झालेलं सगळं लिहून टाकलं. पहिल्याने उत्तर दिलं, आधी माहितीपुस्तक वाचा. दुसऱ्याने पहिल्याला सांगितलं की, तुझ्यासारख्यांमुळेच लोक लिनक्स सोडून जातात. तिसरा म्हणाला, तुमचं लिनक्सच चुकीचं आहे, मी वापरतो ते घाला. मग तिघांची जी जुंपली त्यात गोगलगाय सगळेच विसरले. शेवटी 'उलटी टोपी' नावाच्या कुणीतरी विचारलं, "पुसल्यानंतर त्या कॉम्प्युटरवर काय काय केलंत?"

"बाबा पत्ते खेळले," भिंगरीने लिहिलं. "आणि वायफायचं काहीतरी घातलं."

"मग आत्ताच्या आत्ता बंद करा," उलट्या टोपीने लिहिलं. "डिस्क पुसली तरी आतल्या वस्तू लगेच जात नाहीत, फक्त दारांवरच्या पाट्या काढलेल्या असतात. खोल्यांत सामान तसंच असतं. पण कॉम्प्युटरला वाटतं की खोल्या रिकाम्या आहेत, म्हणून नवं काही ठेवायचं झालं की तो एखादी खोली झाडून तिथे ठेवतो. जितका वापराल तितकं जुनं सामान जाईल. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स घातलंत, त्याच्यावरूनच चालू करा म्हणजे डिस्कला हात लागणार नाही. आणि सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर काढा."

हे भिंगरीने मोठ्याने वाचलं आणि बाबा ताडकन उठला. इतका वेळ त्याला कॉम्प्युटर कळला नव्हता, पण हे कळलं. "म्हणजे माल आत आहे! फक्त पत्ता गेलाय!" त्याने कॉम्प्युटरचा प्लगच उपसून काढला.

आईकडे बाहेरून लावायची एक डिस्क होती. तिने ती दिली, पण हातात देताना म्हणाली, "यात माझ्या आईचे फोटो आहेत. यातला एक जरी हलला ना, तर मी तुला खोक्यात भरीन आणि चिठ्ठी लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाबा कामाला गेलाच नाही. उलट्या टोपीने सांगितलेली ओळ त्याने एका बोटाने टाइप केली. एंटर दाबण्याआधी ती तीनदा वाचून घेतली, शिवाय भिंगरीकडूनही वाचून घेतली. मग कॉम्प्युटर डिस्कची एकेक खोली चाचपत बसला. भिंगरी शाळेतून परत येईपर्यंत तो चाचपतच होता.

संध्याकाळी भिंगरीने फोल्डर उघडला. आत हजारो चित्रं होती आणि एकाचंही नाव शिल्लक नव्हतं, नुसते आकडे. बुटांच्या जाहिराती. इंटरनेटवरची बटणं. आईचा पासपोर्टचा फोटो, पुन्हा आईचा पासपोर्टचा फोटो. कुणाचं तरी मांजर. आणि मग एका पायरीवर शिंगं रोखून बसलेली...

"बाबा, बघ! तू बघ ना लवकर!"

'अहो' कुठल्या कुठे उडालं. तिथे गोगलगाय होती! पण फार खूश होऊ नकोस, चित्रं सापडली तरी त्यांचा क्रम पार विस्कटला होता. आता पहिलं कुठलं आणि दुसरं कुठलं? जिन्याच्या पायऱ्यांवरून लावावं म्हटलं, तर ही गोगलगाय एकदा सरळ चढून गेली असती तर ना! ती चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. एकाच पायरीवर ती कितीतरी वेळा होती.

पुढचे तीन दिवस संध्याकाळी बाबा आणि भिंगरी खुर्चीला खुर्ची लावून गोगलगायी लावत बसले.

"ही चढतीये," बाबा म्हणायचा.

"नाही, घसरतीये. शिंगं बघ, मागे गेलीत."

"घाबरलीय होय?"

"घाबरली नाही काही. वैतागलीय."

खरं सांगायचं तर बाबाने हा सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. भिंगरी दाखवायला यायची तेव्हा तो 'छान, छान' म्हणायचा आणि टीव्हीकडे बघायचा. आता त्याला प्रत्येक चित्र माहीत झालं. गुरुवारी त्याने स्वतः होऊन सांगितलं, "ही इथली नव्हे. इथे ती दुसऱ्यांदा पडलीय, तेव्हा तिच्या शंखावर ओरखडा हवा." भिंगरीने पाहिलं. बाबाचं बरोबर होतं. तिने माउस त्याच्याकडे सरकवला.

शुक्रवारी संध्याकाळी सगळं लागलं. भिंगरीने सिनेमा चालवून पाहिला. गोगलगाय चढली, घसरली, वैतागली, पुन्हा चढली, गच्चीच्या तीन पायऱ्या खाली येऊन पोचली आणि एकदम दिसली ती थेट गच्चीवर, ऊन खात. मधली चित्रं नव्हतीच. त्या खोल्यांत पत्त्यांचा डाव जाऊन बसला होता, नाहीतर वायफाय.

"शेवटचीच चढण गेली," भिंगरी म्हणाली. "सगळ्यात अवघड होती ती. लोकांना वाटणार ही उडाली."

बाबाने खुर्ची तिच्याकडे वळवली. या वेळी तो 'दुसरी काढू' म्हणाला नाही. तो म्हणाला, "माझ्यामुळे गेली. उद्या वाचनालयात मी उभा राहून सांगतो सगळ्यांना. काय झालं ते, अगदी जसंच्या तसं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

आईने दारातून डोकावून विचारलं, "तू सांगत असताना मी तुझे फोटो काढले तर चालतील का रे?"

भिंगरी खुर्चीत गोल फिरली, एकदा, दोनदा. मग थांबली. "सांगू नकोस," ती म्हणाली. "बोललं की सिनेमा थांबतो. तू असं कर, तिथे जिन्यावर जा. खोकं घे. हं, वाक जरा. आणखी. आता हलायचं नाही."

बाबा खोकं उचलून अर्धवट वाकलेल्या अवस्थेत जिन्यावर उभा राहिला. "किती वेळ?" त्याने विचारलं.

"गोगलगायीला विचार."

तिने नवा चित्रांचा प्रोग्रॅम उघडला. यात सगळी बटणं भलत्याच जागी होती. रंग शोधताना रबर हाती लागलं, रबर शोधताना सगळा पडदा हिरवा झाला. पण तिने हळूहळू रेघ शोधून काढली. मग गच्चीच्या तीन पायऱ्या खाली, वैतागलेल्या गोगलगायीच्या मागे, तिने एक माणूस काढायला घेतला. मिशीवाला, घामेघूम, हातात मोठं खोकं घेतलेला. तो माणूस गोगलगायीचा शंख अलगद उचलतो, खोक्यात भरतो, खोक्यावर चिठ्ठी लावतो आणि धापा टाकत गच्चीवर निघतो. गोगलगाय तिथेच पायरीवर राहते, उघडीबोडकी, त्याच्याकडे बघत. आणि मग शिंगं रोखून, आयुष्यात पहिल्यांदाच, ती त्याच्यामागे धावत सुटते.

बाबाचे हात भरून आले होते. "झालं का गं?" त्याने जिन्यावरून विचारलं.

"पहिलंच चालू आहे," भिंगरी म्हणाली, आणि त्या माणसाचं पोट पुसून आणखी जरा मोठं काढलं.